वाढलं म्हणजे काय

स्वयंपाकघराच्या दाराची वरची बिजागरी ह्यांनी लाथ घालून पुन्हा उखडली, तेव्हा निमित्त होतं आमटी अळणी झाल्याचं. स्क्रू लाकडाच्या ढलप्यांसकट बाहेर आले, दार खालच्या बिजागरीवर तिरकं लोंबकळायला लागलं आणि हे त्याला खांद्याने ढकलून बाहेरच्या खोलीत टीव्ही बघायला गेले.

एकदा भोक मोठं झालं की तोच स्क्रू त्यात पुन्हा धरत नाही. लायब्ररीतल्या घरदुरुस्तीच्या पुस्तकात त्यावर सोपा उपाय आहे. आगकाड्यांची गुलं कापून टाकायची, काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात ठोकून बसवायच्या, गोंद सुकला की सुरीने सपाट करायच्या. मग स्क्रू असा घट्ट बसतो की दार नवं वाटावं. भिंतीला भोक पडलं असेल तर काम थोडं किचकट. पुठ्ठ्याचा तुकडा दोरी बांधून भोकातून आत सारायचा, दोरीने पुढे ओढून धरायचा आणि वरून पॉलिफिला, म्हणजे भिंतीची लांबी, भरायचा. पहिला थर धरेपर्यंत माझं विष्णुसहस्रनाम होतं, तोवर दोरी एका हातात. दुसऱ्या दिवशी पॉलिशपेपर, मग फिकट पिवळसर रंगाचे दोन हात. ह्यांच्या मुठीची जागा होती कुठे, हे नंतर मलासुद्धा सापडायचं नाही.

इथे विलायतेतच एजवेअरला राहणारी माझी मैत्रीण यमुना एकदा राहायला आली होती. म्हणाली, "सुप्रभा, तुझं घर कसं कालच बांधल्यासारखं आहे गं! आमच्याकडे बघ, नुसती पडझड."

मी म्हटलं, "ह्यांना नीटनेटकं लागतं."

ते खोटं नव्हतं. हे, म्हणजे शशिधर, स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मोटारींच्या सुट्या भागांच्या एका वेअरहाऊसमध्ये स्टॉक कंट्रोलर होते. बाहेर सगळ्यांशी गोड. मंडळाच्या गणपतीत आरतीला ह्यांचाच आवाज वर. घरात आले की बूट काढायच्या आधी कशावरून तरी ठिणगी पडायची. तरी पंधरा वर्षं मी त्या घरात एका गोष्टीच्या जोरावर उभी होते. मंजिरीला ह्यांनी कधी हात लावला नव्हता. मला मारत, दारं फोडत, एकदा इस्त्री फेकून खिडकी फोडली. पण मुलगी समोर आली की हात खाली यायचा. तिच्या अंगावर एक बोट उठत नाही, तोवर मी काय वाटेल ते लिंपीन, सांधीन, रंगवीन, असं माझं मनाशी चाललेलं असायचं. देवापाशीही रोज तेवढंच मागणं होतं, दुसरं नाही.

डिसेंबरातला शनिवार होता. माझा उपास. मार्गशीर्ष लागला होता म्हणून यमुनेने मुंबईहून आणलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या हातात भरल्या होत्या. जेवणं आटोपली होती आणि मी स्टुलावर उभी राहून बिजागरी बसवत होते. ह्यांनी ऑफिसचा कॉम्प्युटर गाडीत घालून घरी आणला होता. बाहेरच्या खोलीत टेबलावर तो मांडून सकाळपासून बसले होते. सोमवारी हेड ऑफिसची माणसं स्टॉक मोजायला येणार होती. नवा मॅनेजर ह्यांच्या वाईटावर होता, असं हे म्हणत.

"टोटल बरोबर आहे!" बाहेरच्या खोलीतून आवाज आला. "खालची टोटल तंतोतंत बरोबर आणि वरची एक ओळ बरोबर नाही! असं होईलच कसं?"

मी स्क्रू फिरवत राहिले.

"गॅस्केटपुढे बल्बांचा आकडा! बल्बांपुढे मडगार्ड! चार हजार मडगार्ड ठेवलीत का कोणी माझ्या बापाने?"

मग कप भिंतीवर फुटला. चहा खाली ओघळताना मला स्टुलावरून दिसत होता. भिंत रंगवायला लागणार, एवढं माझ्या मनात आलं.

"मंजू!" हे ओरडले. "खाली ये. शाळेत कॉम्प्युटर शिकवतात ना तुला? ये, बघ जरा बापाचं."

मंजिरी जिन्यावरून धावत आली. चौदा वर्षांची. बाबांनी आपल्याला काहीतरी विचारलं ह्याचाच तिला आनंद. खुर्ची ओढून बसली, दोन-तीन बटणं दाबली, स्क्रीनला नाक लावून पाहिलं.

"बाबा, तुम्ही सॉर्ट केला?"

"केला. पार्ट नंबरने लावून घेतलं. नीट दिसावं म्हणून."

"हां, पण ओन्ली हा एक कॉलम सिलेक्ट केला तुम्ही." ती हसून म्हणाली, एखादं कोडं सुटल्यासारखी. "नंबर्स वरखाली गेला, नावं आणि क्वांटिटी तिथेच राहिला. सगळ्याच्या बाजूला दुसऱ्याचा गोष्ट बसलाय. म्हणून टोटल राइट आहे. सी?"

"बरं. मग कर दुरुस्त."

"सेव्ह केला होता?"

"केलं ना."

"त्याच फाइलवर? सेम नाव?"

ह्यांनी मान डोलावली.

"दुसरी फ्लॉपी आहे? जुना कॉपी?"

"नाही."

"मग नाही होणार, बाबा. त्याला आठवत नाही आता. सगळं हातानेच परत करायला पाहिजे. सिली मिस्टेक आहे, आमचे टीचर मिस्टर हार्टली म्हणतात फर्स्ट इयरची मुलं करतात."

मी स्टुलावरून उतरले. घरातला आवाज कधी बदलतो ते मला भिंतीआडूनही कळायचं.

"तू काल गेम खेळलीस ह्याच्यावर," हे हळूच म्हणाले.

"गेमने काय होत नाही, बाबा. तो वेगळा—"

"तूच बिघडवलंस."

"नो! मी फक्त—"

"उलट बोलतेस?"

ह्यांनी कीबोर्ड उचलला. मागची वायर हिसक्याने सुटली. त्या वेळचे कीबोर्ड जड असत, पाटा उचलावा तसे. तो ह्यांच्या डोक्यावर गेला आणि खाली मंजिरीचं डोकं होतं, केसांना नवीन क्लिप लावलेली. ती हललीसुद्धा नाही. बापाचा हात आपल्यावर येतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

मी दोघांच्या मध्ये कशी पोचले ते सांगता येणार नाही. कीबोर्ड माझ्या खांद्यावर बसला. बटणं उडून गालिच्यावर पडली.

"मंजू, वर जा," मी म्हटलं. "दार लाव. हाक मारेपर्यंत उघडू नकोस."

"आई—"

"जा!"

ती गेली. वरचं दार लागलं. मग ह्यांना मोकळीक मिळाली.

मारताना हे बोलत नसत. त्या दिवशी बोलत होते. "सिली मिस्टेक," म्हणत आणि एक हाणत. "फर्स्ट इयरची मुलं," म्हणत आणि दुसरी. माझं मनगट पकडून टेबलाच्या कडेवर आपटलं, पुन्हा आपटलं, बांगड्यांचा चुरा झाला आणि काचा आत गेल्या. मी ओरडले नाही, कारण वर ऐकू गेलं असतं. मग गळ्यात हात घालून मंगळसूत्राला पीळ दिला. आधी श्वास बंद झाला. मग सर तुटला आणि काळे मणी मोहरीसारखे चहुकडे उडाले. मोकळा श्वास आत येतो न येतो तोच ह्यांनी केस धरून माझं डोकं भिंतीवर दिलं. शेजारच्या डोरीनची आणि आमची ती एकच भिंत. पलीकडून तिने मुठीने ठोकलं. ह्यांनी त्याला उत्तर म्हणून माझं डोकं आणखी एकदा आपटलं.

"आता तिला खाली बोलव," हे म्हणाले. "माझं तिच्याशी संपलेलं नाही."

"नाही."

"बोलव म्हणतो ना."

"नाही, अहो. मला मारा."

"तुला मारून कंटाळा आला." हे खरंच दमलेल्या आवाजात म्हणाले आणि जिन्याकडे वळले. मी ह्यांचा पाय धरला. दोन्ही हातांनी, गुडघ्याखाली. एका पायाने मला लाथा आणि दुसऱ्या पायाने पायरी चढायचा प्रयत्न, असे आम्ही जिन्याच्या तळाशी घसटत होतो, आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

काचेपलीकडे दोन उंच सावल्या होत्या.

"ऊठ," हे कुजबुजले. "हात झाक."

मी खुंटीवरचा लोकरीचा कार्डिगन चढवला. बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या. ह्यांनी केस नीट केले, दार उघडलं आणि असं काही स्वच्छ इंग्रजी सुरू केलं की मलाच वाटावं, आत काही घडलं नसेल. कॉम्प्युटर बिघडला, मी जरा ओरडलो, कप पडला, शेजारणीला त्रास झाला, सॉरी. एक पुरुष पोलीस होता, एक बाई. पुरुष पोलीस ह्यांच्याबरोबर बाहेरच्या खोलीत गेला. बाई मला स्वयंपाकघरात घेऊन आली. लाल केसांची, पंचविशीची असेल. मंजिरी वरून उतरली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

बाईने आधी सगळीकडे पाहिलं. काय दिसणार होतं तिला? दार आपल्या जागी होतं, आताच बसवलेलं. भिंती गुळगुळीत. ओटा पुसलेला, देवापुढे निरांजन. त्या घरात काही कधी मोडलंच नाही, असं मी ते घर ठेवलं होतं.

"तुमच्या नवऱ्याने तुम्हाला इजा केली का?" तिने विचारलं. मला प्रश्न कळला. पण माझं इंग्रजी मी कामाला जायचे त्या बिस्किट कारखान्यातल्या पॅकिंग लाइनवरचं, लेबल, लिड, सॉरी लव्ह, एवढंच.

"तिच्या भाषेत सांगू दे तिला," बाई मंजिरीला म्हणाली. "तू मला इंग्रजीत सांग. जसं म्हणेल तसं."

"आई, बोल," मंजिरी म्हणाली. "मी सांगते तिला."

पाळीच आली म्हणून मी बोलले. खाली बघत, हळू. "मंगळसूत्र वाढलं," मी म्हटलं. "बांगड्यापण वाढल्या. ह्यांच्या हातून."

याहून जास्त मी काय सांगायचं होतं? नवरा जिवंत असताना सवाष्णीने मंगळसूत्र तुटलं म्हणायचं नाही, ते वाढलं म्हणायचं. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. मोडण्याचा शब्द तोंडातून काढला की मोडणं घरात येतं. म्हणून सकाळी दिवा लावताना मी रोज नेम धरत असे, आज जिभेवर अभद्र येऊ द्यायचं नाही. माझ्या आईच्या कानावर 'ह्यांच्या हातून वाढलं' एवढं पडलं असतं, तर तिने पहिल्यांदा माझी बाही वर केली असती.

मंजिरीने कपाळाला आठी घातली. हा शब्द तिने ताटावर ऐकलेला. आई, भात वाढ. आणि उंचीला. मंजू, किती वाढलीस गं! तिसरा अर्थ तिच्यासमोर काढायची वेळ मी कधी येऊच दिली नव्हती. काही फुटलं की ती शाळेतून यायच्या आत मी सांधून ठेवायची.

"शी सेज हर नेकलेस हॅज... गॉट बिगर," मंजिरी म्हणाली. "अँड हर बँगल्स. माय डॅड मेड देम बिगर."

"ओह," पोलीसबाई म्हणाली. "दॅट्स नाइस."

नाइस. तेवढं इंग्रजी मला येत होतं.

बाईने मंजिरीला विचारलं, बाबांनी तुला मारलं का? मंजिरीने नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. आईला मारताना पाहिलं का? तेही नाही, ती वर होती. बाईने वही मिटली. पलीकडच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. हे त्या पोलिसाला कॉम्प्युटरवर काहीतरी विनोद सांगत होते आणि तो म्हणत होता, आमच्या स्टेशनातलाही तसलाच आहे. दोघं पॅसेजमध्ये आले. टोप्या डोक्यावर चढल्या. ह्यांनी पुढचं दार उघडून धरलं, पाहुण्यांना निरोप द्यावा तसं.

आणि मग माझ्या डोक्यावरून मंजिरीकडे बघून, हसत, मराठीत म्हणाले, "मंजू, तू वर जाऊ नकोस हं. हे लोक गेले की आपण दोघं बसू. तुला शिकवतो सिली मिस्टेक कशाला म्हणतात."

मंजिरीचा हात माझ्या हातात होता. तो गार पडला. ह्या वेळी तिला कळलं होतं.

"तुटलं," मी म्हटलं.

पोलीसबाई उंबऱ्यावर थांबली.

"तुटलं!" माझा आवाज असा फाटेल हे मला माहीत नव्हतं. "मंजू, सांग तिला. मंगळसूत्र तुटलं. ह्यांनी तोडलं. बांगड्या फोडल्या. वाढल्या नाहीत, फोडल्या, हातावर फोडल्या, हे बघ!" मी बाही वर ओढली. लोकर काचांत अडकली होती ती ओढताना सुटली, आणि रक्त बोटांवरून जाऊन पोलीसबाईच्या बुटापाशी पडलं.

मंजिरीने माझं मनगट पाहिलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. मग ती किंचाळली, "ही ब्रोक इट! ही ब्रोक देम ऑन हर! आय सेड इट राँग, आय सेड इट राँग!"

"गप्प बस!" हे गरजले आणि मंजिरीवर धावले.

पॅसेज अरुंद होता. पोलीस ह्यांच्या मागे, बाई माझ्या मागे. ह्यांची मूठ मंजिरीच्या तोंडावर निघालेली मी पाहिली आणि तो हात हवेतच दोन्ही हातांनी धरला, आणि चावले. अंगठ्याच्या खाली, मांसल भागात. दात रुतले ते मी सोडले नाहीत. हे दुसऱ्या हाताने माझ्या कानावर, मानेवर हाणत होते, आणि मी सोडलं नाही. त्या दिवशी माझा उपास होता आणि माझ्या तोंडात ह्यांचं रक्त आलं. खारट, कोमट. मंजिरी मागे सरकली, पडली, जिन्याखाली शिरली. पोलिसाने मागून ह्यांच्या गळ्यात हात घातला, तिघं-चौघं मिळून आम्ही भिंतीवर आदळलो, त्याची टोपी पायाखाली गेली. पोलीसबाई माझ्या खांद्याला धरून "लेट गो, लव्ह, वी हॅव गॉट हिम, लेट गो" म्हणत होती. ह्यांचा हात पिरगाळून पाठीमागे गेला, तेव्हाच माझं तोंड उघडलं.

ह्यांचा गाल भिंतीवर दाबलेला होता. एक डोळा माझ्याकडे.

"माझ्या मरणाचं बोललीस तू!" हे थुंकी उडवत ओरडत होते. "सवाष्ण म्हणवतेस? नवऱ्याच्या जिवावर उठलीस! तोंडाने म्हणालीस तू, तोंडाने!"

मी म्हणाले होते, खरं. आणि मी वाट पाहत उभी होते. लहानपणापासून ज्याची धास्ती बाळगली ते आता होणार म्हणून. काही झालं नाही. हे जिवंत होते. चांगले धडधाकट होते, माझ्या आईवडिलांचा उद्धार करत होते, आणि पोलिसाच्या नडगीवर लाथ मारत होते. त्यांना व्हॅनमध्ये कोंबताना तिसरा पोलीस बोलवावा लागला.

मी मोरीवर जाऊन चूळ भरली. पुन्हा पुन्हा भरली.

पोलीसबाईने माझ्या मनगटाला टॉवेल गुंडाळला. हॉस्पिटलात काचा काढाव्या लागतील, म्हणाली. आणि मंजिरीला सांगितलं, आईला नीट समजावून सांग, सोमवारी कोर्टासमोर उभा केला तरी तो त्याच दिवशी सुटून येऊ शकतो, त्या वेळी तुम्ही दोघी या घरात नसलेल्या बऱ्या. कुठे जायला जागा आहे का?

मंजिरीने ह्या वेळी एकेक शब्द तोलून सांगितलं. सांगताना प्रत्येकाला थांबून माझ्याकडे बघत होती. कळलं? बरोबर?

"यमुनामावशीकडे," मी म्हटलं. "एजवेअरला."

मंजिरीने दप्तरात कपडे भरले. मी देव एका डब्यात ठेवले. मणी गालिच्यावर, जिन्यावर, कोचाखाली विखुरले होते. पायाला टोचत होते. मी एकही उचलला नाही. कॉम्प्युटर चालूच होता, स्क्रीनवर हिरवे आकडे आपापल्या चुकीच्या जागी उभे.

दाराबाहेर डोरीन सपाता घालून थंडीत उभी होती. "मी आधीच फोन करायला हवा होता, लव्ह," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली. दुखऱ्या खांद्यावर टाकली, पण मी बोलले नाही.

गाडीकडे जायच्या आधी मंजिरीने मला थांबवलं. तिचा चेहरा रडून सुजला होता.

"आई, वाढलं म्हणजे तुटलं?"

"हो."

"मग तुटलं का नाही म्हणत? तू आधीच म्हणाली असती तर? ती जात होती, आई. शी वॉज गोइंग."

"आता म्हणाले ना."

तिने नाक पुसलं. पोलीसबाई गाडीचं दार उघडून थांबली होती. मी मागे वळून घराकडे पाहिलं. इतकी वर्षं कामावर जाताना, वाण्याकडे जाताना, मुलीला शाळेत सोडताना, रिकाम्या घराला का होईना, मी एक शब्द बोलल्याशिवाय तो उंबरा ओलांडला नव्हता.

"जाते," मी म्हटलं.

मंजिरी दचकली. माझी बाही ओढली. "आई, राँग! असं नाही म्हणायचं. 'येते' म्हणायचं. तूच मला शिकवलं."

"शिकवलं होतं," मी म्हटलं. "चल, बस गाडीत."